खांबाची पोटदुखी

कंपनीत त्याला सगळे 'खांब' म्हणत. अंगकाठीमुळे नव्हे, तो तसा बुटका आणि गोलसर होता. कंपनी सुरू झाली तेव्हा मालकाकडे एक खोली, दोन टेबलं आणि एक गिऱ्हाईक एवढंच भांडवल होतं, आणि त्या गिऱ्हाइकाला लागणारा प्रोग्राम याने एकट्याने लिहिला होता. गिऱ्हाईक म्हणजे एक मोठं हॉस्पिटल, आणि प्रोग्राम तिथल्या नर्सेसच्या ड्यूट्या लावणारा. पुढे खोलीचा अख्खा मजला झाला, नवीन हॉस्पिटलं आली, नवी माणसं आली, पण सगळ्याचं छत त्या एका प्रोग्रामवरच टेकलेलं राहिलं. "खांब हलला की आपण सगळे खाली," असं मालक पाहुण्यांना सांगायचा आणि खांब मान खाली घालून हसायचा. ते हसू मग तो घरी पोचेपर्यंत पुरवून पुरवून वापरायचा.

प्रोग्राम त्याने लिहिला तो हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंच्या भिंतीवरचा तक्ता बघून. डाव्या बाजूला नर्सेसची नावं, वर तारखा, आणि मधल्या प्रत्येक चौकोनात एक अक्षर: सकाळ, दुपार किंवा रात्र; रजा असली तर फुली. त्याने तो तक्ता जसाच्या तसा कॉम्प्युटरमध्ये उतरवला. मेट्रनबाई खूश झाल्या. त्या दिवशी त्याला वाटलं, यात अवघड ते काय?

अवघड पुढच्या आठवड्यात फोनवरून आलं. "सगळं छान आहे हो," मेट्रनबाई म्हणाल्या, "पण जर एखादी मध्यरात्री दुसऱ्या वॉर्डात गेली तर?" रात्रीची ड्यूटी एका चौकोनात सुरू व्हायची आणि दुसऱ्यात संपायची, त्यामुळे तिचे दोन तुकडे करावे लागले. मग पण जर दोघींनी अर्धी अर्धी ड्यूटी वाटून घेतली तर? पण जर नवशिकी असेल आणि तिच्यासोबत जुनी लागत असेल तर? प्रत्येक 'पण जर'साठी तो प्रोग्राममध्ये एक ठिगळ लावायचा, आणि ठिगळ फाटलं की ठिगळाला ठिगळ. कंपनीत त्यांना नावच पडलं होतं, पणजर. "आज किती पणजर झाले?" असं पोरं चहाच्या वेळी विचारायची. वर्षं गेली. आता एक पणजर घालायचा तर दोन आठवडे लागत आणि चार जुने बिघडत. पण कुठला कशाने बिघडेल हे जगात एकट्या खांबाला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर यातच त्याची गादी होती. घोंगडं भिजत होतं खरं, पण ते याचं होतं.

आणि मग त्याने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, दुसऱ्या गावात अशाच कामात होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. तिची कंपनी बंद पडली तशी ती आईला घेऊन याच गावात राहायला आली. सासूबाई एका रविवारी जेवताना म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या शब्दाला एवढं वजन आहे. हिच्यासाठी एक शब्द टाका की." वजनाचं नाव काढल्यावर तो काय नाही म्हणणार! त्याने शब्द टाकला. मालकाने धाकटीला घेतलं, आणि वर असंही म्हणाला, "तुझ्या हाताखाली घे. शिकव तिला."

धाकटी शिकेना. म्हणजे ती काही लिहीतच नव्हती. पहिले काही आठवडे ती सकाळी उठून सरळ हॉस्पिटलात जायची, नर्सेसच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची आणि बघायची. कोण कधी येते, कोण कुणाला काय सांगून जाते, कोण कुणाच्या जागी थांबते. मग कंपनीत येऊन लहान मुलासारखे प्रश्न विचारायची.

"भाऊजी, ड्यूटी म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे?" खांब म्हणाला. "ड्यूटी म्हणजे ड्यूटी. चौकोनातलं अक्षर."

"पण तिथे कुणी अक्षर करत नाही. तिथे बायका येतात आणि जातात."

हे त्याने घरी बायकोला नक्कल करून सांगितलं. त्याची बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिच्या चेहऱ्यावर एक कायमचा शांतपणा आला होता. ती हसली नाही. म्हणाली, "लहानपणापासून तशीच आहे. तिला पोळी वाढली की ती आधी विचारायची, गोलच का?"

"मग मिळालं का उत्तर?"

"नाही. पण चौकोनी पोळ्या तिने करून बघितल्या. अगदी वाईट झाल्या होत्या." एवढं बोलून मात्र बायको हसली, आणि ते हसू बहिणीच्या बाजूचं होतं हे खांबाच्या लगेच लक्षात आलं.

धाकटीने शेवटी एकदाचं लिहायला घेतलं. मालकाने तिला मुभा दिली होती: जुन्याला हात न लावता शेजारी नवीन करून बघ. महिन्याभरात तिने काहीतरी उभं केलं आणि एका सकाळी पुसून टाकलं. खांबाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "अरेरे," तो म्हणाला, "एवढी मेहनत वाया." तिने पुन्हा उभं केलं, पुन्हा टाकून दिलं. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि खांबाने तिला स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली. तो तिच्याशी इतक्या प्रेमाने कधीच वागला नव्हता. "होतं असं," तो म्हणाला. "अनुभवानेच येतं हे. तू माझ्याच प्रोग्राममध्ये काम कर ना, मी सांगतो तुला एकेक."

ती कपाकडे बघत म्हणाली, "चुकतंय कुठे ते कळतंय हो. बरोबर काय ते दिसत नाहीये. अगदी समोर असणार."

आणि पुढच्याच आठवड्यात तिला ते दिसलं. तिने त्याला बोर्डापाशी बोलावलं. बोर्डावर एक लांबलचक आडवी रेघ होती, आणि त्या रेघेवर लहानमोठ्या पट्ट्या.

"ही वेळ," रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही नुसती वाहते. हिला तारखा नाहीत. ही पट्टी म्हणजे एक बाई इथून इथपर्यंत एका वॉर्डात आहे. बस. एवढंच साठवायचं. रात्र, दिवस, अर्धी, वाटून घेतलेली, सगळ्या पट्ट्याच. तारखेचे चौकोन आपण काढले ते बघण्यासाठी. ते कामात नाहीतच, भाऊजी. आपण खिडकीचे गज मोजत होतो आणि म्हणत होतो, आकाशाचे तुकडे का पडलेत."

खांब बघत राहिला. मध्यरात्र नाहीशी झाली होती. ज्या मध्यरात्रीने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली, जिच्यासाठी त्याने ठिगळांवर ठिगळं लावली, ती बोर्डावर कुठेच नव्हती. त्याने मनातल्या मनात आपले पणजर एकेक करून त्या रेघेवर ठेवून बघितले. हा गेला. हाही गेला. वॉर्ड बदलला तर दोन पट्ट्या. वाटून घेतली तर दोन पट्ट्या. हे इतकं साधं होतं की कुणालाही सुचलं असतं, आणि त्याला सुचलं नव्हतं.

"हं," तो म्हणाला. "दिसायला बरं आहे."

त्या दिवशी घरी त्याने जेवण अर्धं टाकलं. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, पोटात दुखतंय. ती उठून औषधांच्या डब्याकडे निघाली, मग मध्येच थांबली आणि वळून त्याच्याकडे बघत राहिली. "धाकटीचा फोन आला होता दुपारी," ती म्हणाली. "फार आनंदात होती. या पोटदुखीवर आमच्या दुकानात औषध नाही रे."

पुढचे दिवस त्याच्यासाठी वाईट गेले. धाकटीच्या टेबलाभोवती पोरं जमायला लागली. जी पोरं त्याला भीतभीत विचारायची ती तिच्याशी वाद घालायची, आणि वादात हरली तर धाकटी खूश व्हायची. हे त्याला सगळ्यात जास्त झोंबायचं. कुणी तिचं नाव काढलं की तो चष्मा पुसायला घ्यायचा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्यामुळे पोरीचं सोनं झालं हो, जावईबापू," तर त्याला वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय. म्हातारी मनापासून बोलत होती. धाकटीच्या मोठेपणाची कारणं शोधायलाही त्याने कमी केलं नाही. हिला कोरी पाटी मिळाली. हिला मेट्रनबाईंचे फोन घ्यावे लागत नाहीत. कोरी पाटी आपल्यालाही एकदा मिळाली होती हे मात्र तो या हिशेबात धरायचा नाही.

प्रोग्राम तयार झाला तेव्हा धाकटी त्याच्याकडे आली. "हॉस्पिटल एका वॉर्डात वापरून बघायला तयार आहे. पण तुम्ही वाचल्याशिवाय मी देणार नाही. जुन्यातलं काय काय सुटलं ते तुम्हालाच कळेल."

त्याने मीटिंगची खोली अडवली, दार लावून घेतलं आणि वाचायला बसला. इतकं मन लावून त्याने आयुष्यात काही वाचलं नव्हतं. लग्न जमवायला आलेल्या माणसासारखा तो प्रत्येक ओळीचं कूळ काढत होता, फरक इतकाच की याला लग्न मोडायचं होतं. ओळी थोड्या होत्या. त्याच्या प्रोग्राममध्ये जिथे जंगल होतं तिथे हिच्याकडे अंगण होतं. वाचताना मध्येच तो स्वतःला विसरायचा आणि मान डोलवायचा, आणि लक्षात आलं की स्वतःवरच चिडायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला भोक सापडलं.

रजा. रजेचा भाग धाकटीने नव्याने लिहिला नव्हता, त्याचाच जुना घेतला होता. जुना भाग एवढंच विचारायचा: ड्यूटीची तारीख कोणती? त्या तारखेला रजा नसली की बाई मोकळी. धाकटीची पट्टी उत्तर द्यायची: जिथून सुरू होते ती तारीख. म्हणजे एखादीची रजा मंगळवारपासून असेल, तर सोमवारी रात्री सुरू होऊन मंगळवारी सकाळी संपणारी ड्यूटी प्रोग्राम तिला खुशाल लावणार. त्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये यासाठी रजेच्या भागाबाहेर, दुसरीकडेच, एक पणजर होता, अगदी सुरुवातीच्या वर्षांतला. एक नर्स स्वतःच्या साखरपुड्याच्या सकाळी वॉर्डात अडकली होती, तेव्हा घातलेला. कुरूप होता, पण त्याच्यात ते शहाणपण होतं.

तो खुर्चीत मागे रेलला. पोटदुखी एकदम थांबली होती. खोलीतला पंखासुद्धा त्याला गोड वाटायला लागला.

सांगायचं, हे त्याच्या मनात होतं. उठून, तिच्या टेबलापाशी जाऊन, पोरांच्या देखत सांगायचं. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर ती म्हणेल, 'अरेच्चा!' आणि पाच मिनिटांत दुरुस्त करेल. आणि पोरं म्हणतील, किती छान. त्यापेक्षा वापरात येऊ दे. मेट्रनबाईंच्या नजरेला पडू दे. कुणाचं काय मोठं बिघडणार आहे? मग आपण शांतपणे म्हणू, हो, हे असं होतं म्हणून तर जुन्यात ते होतं.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, "कसं वाटलं?"

"वाचलं," खांब म्हणाला. "ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे द्यायचं?"

"दे की."

नवीन प्रोग्राम मुलांच्या वॉर्डात लागला. पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं, इतकं की मेट्रनबाईंचा एकही फोन आला नाही आणि खांबाला रिकामं रिकामं वाटायला लागलं. मग एका संध्याकाळी त्या वॉर्डातली रात्रपाळीची नर्स तापाने पडली. प्रोग्रामला विचारलं, कोण मोकळी आहे? त्याने एक नाव दिलं. त्या नर्सची रजा दुसऱ्या दिवसापासून होती. ती म्हणाली, मला पहाटेच्या गाडीने वडिलांना डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचंय. त्यावर पाळीवरची सिस्टर म्हणाली, रजा उद्यापासून ना? प्रोग्राम दाखवतोय म्हणजे बसत असणार नियमात, पहाटे कुणीतरी येईल तुला सोडवायला. सोडवायला कुणी आलं नाही. आजारी मुलांचा वॉर्ड सोडून ती जाणार तरी कशी? गाडी गेली, ऑपरेशनची तारीख गेली, आणि ती तारीख मिळायला म्हाताऱ्याने अर्धं वर्ष वाट बघितली होती.

मेट्रनबाई कंपनीत स्वतः आल्या. त्या आरडाओरडा करणाऱ्या बाई नव्हत्या. खुर्चीत बसून, पर्स मांडीवर धरून त्यांनी घडलं ते सांगितलं. मालकाचा चेहरा उतरला. धाकटी उभीच होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "रजेकडे मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

मालक खांबाकडे वळला. "तुझ्या जुन्यात असं झालं असतं?"

"नाही," खांब म्हणाला. "जुन्यात त्याची सोय आहे."

"बघा!" मालक मेट्रनबाईंना म्हणाला. "जुनं ते सोनं. मी तर म्हणतो, हे नवीन खूळ गुंडाळून ठेवू. आपला खांब आहे तोवर काळजी नाही."

हेच त्याला हवं होतं. अगदी याच शब्दांत त्याने ते मनात कितीदा ऐकलं होतं. आता ते कानावर पडलं आणि त्याला घशाखाली उतरवता येईना. त्याची नजर धाकटीच्या टेबलाकडे गेली. सकाळी वॉर्डातून फोन आला तसा, मेट्रनबाई यायच्या आधीच तिने दुरुस्ती करून ठेवली होती आणि ती पडद्यावर तशीच होती. एक ओळ. 'सुरू होते का?' याच्या जागी 'शिवते का?' ड्यूटीची पट्टी रजेच्या दिवसाला कुठेही शिवली की लावायची नाही. त्याला त्याच्या प्रोग्राममध्ये याच कामाला अख्खा आठवडा लागला होता, आणि त्यात पगाराचा भाग बंद पडला होता. म्हणजे त्याने लपवून ठेवलेली चूकसुद्धा हिच्याकडे एका ओळीची होती. चुकतानाही ही बाई आपल्यापेक्षा चांगली चुकते, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

दुपारी तो कंपनीतून उठला आणि बायकोच्या दुकानात गेला. काउंटरवर गर्दी नव्हती. बायको खोकल्याच्या बाटल्या लावत होती. तिला सगळं कळलेलं होतं. धाकटीने फोन केला होता.

"रडत होती," बायको म्हणाली. "त्या नर्सला भेटायला गेलीये." मग बाटली हातात तशीच धरून तिने विचारलं, "तू वाचलं होतंस ना तिचं?"

"हो."

"तुला दिसलं नव्हतं?"

त्याने काउंटरच्या काचेखालचे थर्मामीटर मोजून काढले.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

बायकोने बाटली फळीवर ठेवली. लेबल पुढे केलं. पुढचीही नीट केली. एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते समजावून सांगितलं, सुट्टे परत केले. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी काय तुझा प्रोग्राम वापरते?"

धाकटी संध्याकाळी कंपनीत परतली तेव्हा तो तिच्या टेबलापाशी उभा होता. पोरं आजूबाजूला होती. त्याने आवाज खाली आणला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. "रजेचं मला दिसलं होतं," तो म्हणाला. "वाचलं तेव्हाच. मी सांगितलं नाही."

धाकटीने आधी पर्स खाली ठेवली.

"का?"

त्याला पुष्कळ उत्तरं देता आली असती. "मला सहन होत नव्हतं," तो म्हणाला.

"माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचा, भाऊजी," ती हळू म्हणाली. "त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर का काढलात?"

मालकाला त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. मालक एवढंच म्हणाला की नवीन प्रोग्राम राहील आणि कामाची सूत्रं धाकटीकडे जातील. मेट्रनबाईंनी आपली ओळख लावून त्या म्हाताऱ्याला पुढच्या महिन्यातली तारीख मिळवून दिली. ऑपरेशन नीट झालं. खांब त्याला भेटायला गेला नाही. तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं.

धाकटी त्याच्याशी घरी बोलायची बंद झाली, पण ऑफिसात तिला ते परवडणारं नव्हतं. रजेसारखं आणखी काय काय जुन्यात दडलंय हे फक्त त्यालाच माहीत होतं. तिने त्याला बोर्डापाशी खुर्ची दिली. "एकेक पणजर सांगा," ती म्हणाली. "काय झालं होतं, कुणाचं काय अडलं होतं, तेही सांगा." तो सांगायचा, ती रेघेवर पट्ट्या काढायची. बहुतेक पणजर पट्ट्यांमध्ये विरघळून गेले. काही गेले नाहीत, आणि तेव्हा ती डोकं धरून बसायची. खांबाला हे नवीन होतं. त्याला वाटलं होतं, हिला सगळं आपोआप सुचतं.

"तुला सुचतं तरी कसं?" एकदा त्याने न राहवून विचारलं. त्याला ते विचारताना दात ओठ खावेसे वाटत होते.

"सुचत नाही. मी तीनदा टाकून दिलं, तुम्ही बघितलंत की." मग तिनेच उलट विचारलं, "तुम्ही एकदाही टाकलं नाहीत, भाऊजी. इतक्या वर्षांत एकदाही. का?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं. टाकून दिलं असतं तर दुसऱ्या कुणालाही ते समजलं असतं, आणि मग खांबाची गरज कुणाला राहिली असती? हे मात्र तो बोलला नाही.

शेवटी अडलं ते रजेपाशीच. शिवण्याची ती एक ओळ रजेला पुरली, पण मग ट्रेनिंगचे दिवस आले, सक्तीच्या विश्रांतीचे तास आले, अर्ध्या दिवसाची रजा आली, आणि प्रत्येकासाठी तशीच वेगळी ओळ. धाकटी चार दिवस त्या ओळींशी झटत होती. खांब खुर्चीत बसून बोर्डाकडे बघत होता. रजेची नोंद त्याने पहिल्यापासून तारखांनीच ठेवली होती. ती तिथे मेट्रनबाईंच्या तक्त्यावरून आली होती. तक्त्यावर रजेच्या चौकोनात त्या फुली मारायच्या. फुली म्हणजे काम नाही. बाई मात्र त्या वेळात कुठेतरी असतेच, गाडीत, दवाखान्यात, आपल्या घरी झोपलेली.

तो उठला. बोर्डावर ड्यूटीच्या पट्टीला लागून त्याने आणखी एक पट्टी काढली. "ही रजा," तो म्हणाला. "हीसुद्धा पट्टीच. इथून इथपर्यंत ही बाई आपल्या बापाबरोबर आहे. ट्रेनिंग, ही पट्टी. विश्रांती, ही पट्टी. वेगळं काही नाहीच. नियम एकच. एका बाईच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढायच्या नाहीत."

बोलता बोलताच त्याचा आवाज बारीक झाला. धाकटीने खडू खाली ठेवला. तिने त्या पट्ट्यांकडे बघितलं, आणि खांबाला दिसलं की ती मनातल्या मनात एकेक गोष्ट त्या रेघेवर ठेवून बघतेय. हे गेलं. हेही गेलं. मग तिचा जबडा जरासा आवळला गेला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. आणि जराशाने, भिंतीकडे बघत, "हे मला सुचायला हवं होतं."

तो चेहरा खांबाच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याला आनंद झाला, तोही साधासुधा नाही. असा आनंद की त्याला खाली जाऊन रस्त्यावर दोन चकरा माराव्या लागल्या. दुसऱ्या चकरेला त्याच्या लक्षात आलं की रजेच्या पट्टीची कल्पना आपल्याला फार आवडलीये, आणि ती कुणाला सुचली याचा विचार आपण निदान अर्धी चक्कर तरी केलेला नाही. असं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग तो विचार परत आला, आणि त्याने चकरा चालू ठेवल्या.

जुना प्रोग्राम त्या वर्षाअखेर बंद झाला. बंद करायचं काम खांबानेच मागून घेतलं. त्या दिवशी तो घरी लवकर आला, बायकोने न विचारता त्याच्यासाठी चहा टाकला आणि दोघं बाल्कनीत बसली. "दुखतंय का?" तिने विचारलं. "थोडं," तो म्हणाला. ती हसली, आणि या खेपेला ते हसू कुणाच्या बाजूचं होतं हे त्याला ठरवता आलं नाही.

कंपनीत त्याला अजून खांबच म्हणतात, पण आता ते नुसतं नाव उरलंय. धाकटी दोन वर्षांनी एका मोठ्या कंपनीत गेली. तिथे ती रक्तपेढ्यांसाठी काहीतरी करते आणि तिच्या हाताखाली पुष्कळ माणसं आहेत. सासूबाई तिचा पगार सांगत नाहीत, पण तोंडावरून कळतो. खांबाने इकडे स्वतःचे दोन प्रोग्राम लिहून टाकून दिले आणि तिसरा ठेवला. तो तिसरा चांगला आहे, असं पोरं म्हणतात. धाकटीच्या पट्ट्यांइतका चांगला नाही, हे कुणी म्हणत नाही. ते तो स्वतःच स्वतःला सांगतो.

गेल्या महिन्यात धाकटीने त्याला तिचा नवा प्रोग्राम पाठवला. सोबत एवढंच लिहिलं होतं: भाऊजी, वाचून सांगा. तो वाचायला बसला. डिझाइन सुंदर होतं. ते बघून त्याच्या पोटात जुन्या ठिकाणी कळ आली. तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं, आणि त्याला दोन चुका सापडल्या. दोन्ही त्याने त्याच दुपारी फोन करून सांगितल्या, नीट समजावून, एकही राखून न ठेवता. ती म्हणाली, "बरं झालं तुम्हाला पाठवलं." त्याने फोन ठेवला आणि तिसरी शोधायला पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.